मागे फिरणारं दूध

आमच्या डेअरीत दूध दिसेनासं झालं, त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. येतं रोजच, टँकरमागून टँकर येतात, पण टँकरच्या पोटातून नळीत, नळीतून टाकीत आणि टाकीतून पिशवीत असं ते जातं की मधे कुठे नजरेला पडत नाही. पूर्वी दिसायचं. कॅन हौदात उपडे करताना पडणारी जाड पांढरी धार, काठावर साठणारा फेस, कपड्यांवर उडालेले शिंतोडे, सगळं दिसायचं. आता पहाटे डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घ्यायच्या ओट्यावर, उभं राहिलं की समोर नुसत्या स्टीलच्या नळ्या असतात. त्यांच्यावर दव धरलेलं असतं आणि आत काहीतरी वाहत असल्याची बारीक थरथर असते. नळीवर तळहात टेकला की ती हाताला कळते. मी जाता-येता टेकते. कुणी पाहिलंच तर नळी गार आहे का ते बघतेय, असा चेहरा करते.

या डेअरीत मी सव्वीस वर्षं दुधाचा वास घेण्याचं काम केलं. असं काही काम असतं हे लोकांना सांगून पटत नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की समोरची बाई आधी हसते आणि मग मी चेष्टा करत नाही हे लक्षात आल्यावर विषय बदलते. पण काम खरं आहे आणि सोपं नाही. टँकरचं झाकण उघडल्या उघडल्या त्याखाली कोंडलेला वास एका दमात वर येतो. तेवढाच तो क्षण. नाक तेव्हा तिथे पाहिजे. मग आतलं थोडं दूध नमुना म्हणून काढायचं, तापवून कोमट करायचं, कारण गार दूध मनातलं काही सांगत नाही, पुन्हा हुंगायचं आणि एक घोट तोंडात घोळवून टाकून द्यायचा. त्यानंतर मी मान हलवली तर टँकर रिकामा व्हायचा, नाही हलवली तर आल्या वाटेनं परत जायचा.

झाकणावर वाकलं की मला गावं दिसायची. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, आता लिहून टाकते. ज्या गावांत मी कधी पाऊल ठेवलं नाही तिथला गोठा दिसायचा, ओली जमीन दिसायची, कडब्याची गंजी दिसायची. गुरांनी कडुनिंब ओरबाडला असेल तर तो दिसायचा. कॅन घाईघाईनं विसळणारा माणूस दिसायचा आणि मला त्याचा रागही यायचा. काचीगुड्याच्या दोन खोल्यांतून निघून मी रोज पहाटे दहा-पंधरा गावं फिरून यायचे आणि नऊ वाजता चहा प्यायचे.

नऊच्या आधी चहा नाही, कारण या कामाचं एक सोवळं आहे. सकाळी आलं नाही, लसूण नाही, फोडणी नाही. अंगाला वासाचा साबण नाही, केसांना वासाचं तेल नाही, तोंडाला पावडर नाही. मी घराबाहेर पडेपर्यंत आमच्या देवासमोर उदबत्ती लागत नाही. आमचे हे नारायणगुड्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान उघडायच्या आधी पूजा करतात, ती माझी बस गेल्यावर. देवानं सव्वीस वर्षं सांभाळून घेतलं, असं ते म्हणतात. आणि फुलं नाहीत. हैदराबादेत राहून फुलं नाहीत म्हणजे काय ते इथे राहणाऱ्या बाईलाच कळेल. मार्च लागला की चौकाचौकात मोगऱ्याच्या टोपल्या येतात, इथे त्याला मल्ले म्हणतात, आणि फुलवाली हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत माळ धरून एक मूर, दोन मूर अशी मोजून देते. डेअरीच्या बसमध्ये पॅकिंगच्या सगळ्या बायका ती माळून बसायच्या. मी पुढच्या सीटवर, खिडकी उघडी टाकून, त्यांच्याकडे पाठ करून.

डॉकवर तर मी कुणालाच सोडायची नाही. जमिनीवर एक पिवळा पट्टा आखून घेतला होता. अत्तर, गुटखा, फुलं, डोक्याला चोळलेला बाम, काहीही घेऊन कुणी पट्ट्याच्या आत आला की मी म्हणायचे, पीछे हटो. एकदा मॅनेजरसाहेब कुणाच्या तरी ईदच्या जेवणाहून मिळालेलं अत्तर लावून आले. त्यांनाही मी हेच म्हटलं. ते बिचारे हटले. त्या दिवसापासून माझ्या मागे माझी नक्कल करताना लोक तेवढे दोनच शब्द म्हणायचे, आणि मला मनातून बरं वाटायचं.

मग पुण्याहून इंजिनियर आला. डेअरीत नवी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा माणूस, तिशी ओलांडलेला, हिमायतनगरला भाड्यानं राहणारा. पहिल्याच दिवशी मला काकू म्हणाला. मी सांगितलं, इथे मला सगळे अक्का म्हणतात, आणि काकू व्हायला तुम्ही काही माझ्या दिराचे चिरंजीव नाही. त्यावर तो हसला आणि काकूच म्हणत राहिला. माझं मराठी ऐकून त्याला गंमत वाटायची. मी नक्को म्हणते, हौ म्हणते, परेशान होते, यावर त्याचं म्हणणं की तुमचं मराठी वाटेत दोन-तीन घरी जेवून आलंय. मी म्हटलं, तुमचं कुणाकडे पाणीसुद्धा पीत नाही.

वर्षभर तोडफोड चालली. हौद गेले, कॅन गेले, धुलाईवाल्यांचे लांब दांड्यांचे ब्रश गेले. त्यांच्या जागी नळ्या आल्या, आणि नळ्यांच्या जोडांवर टोप्या घातल्यासारखे व्हॉल्व्ह, हवेच्या दाबानं आपोआप उघडणारे नि मिटणारे. एक बंद होऊन दुसरा उघडला की नुसतं फुस्स व्हायचं. सगळ्या डेअरीभर दिवसभर ते फुस्स, फुस्स चालू असतं. जणू इमारत झोपेत श्वास घेतेय. टाक्या आता स्वतःच स्वतःला धुतात. ठरल्या वेळी आतून कढत सोड्याचं पाणी फिरतं, मग आम्लाचं, मग साधं, आणि शेवटच्या पाण्यात काही उरलं नाही ना, हे नळीतलाच एक काटा बघतो. हे सगळं एका गार खोलीत मोठ्या पडद्यावर दिसतं. दूध पांढऱ्या रेघेनं सरकतं, पाणी निळ्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हललेच नाही. बाहेर न दिसणारं दूध तिथे दिसत होतं, पण वाहणारं नव्हे, कुणीतरी आठवून सांगितल्यासारखं.

त्या पडद्यावरची एक जागा मला फार आवडायची. दूध बहात्तर अंशांपर्यंत तापवून पंधरा सेकंद एका लांब वळणावळणाच्या नळीत धरतात. नळीच्या शेवटी एक व्हॉल्व्ह आहे. दूध पुरतं तापलेलं असेल तर तो त्याला पुढे सोडतो. अर्धा अंश जरी कमी भरला तरी खट्कन वळतो आणि ते दूध जिथून आलं तिथे परत पाठवतो, पुन्हा तापायला. कुणी ओरडत नाही, कुणाची मान खाली जात नाही. रेघ तेवढी पांढऱ्याची पिवळी होते आणि मागे वळते. मी इंजिनियरला म्हटलं, माणसांनाही असं काहीतरी बसवायला पाहिजे होतं. तो म्हणाला, बजेट वाढेल.

आमचं भांडण झालं ते डॉकवरून. त्याच्या आराखड्यात टँकरला नळी जोडली की यंत्र फॅट बघणार, पाणी बघणार, भेसळ बघणार, तापमान बघणार, आणि आकडे बरोबर असले की व्हॉल्व्ह आपोआप उघडणार. मी विचारलं, आणि वास? तो म्हणाला, वासाचं यंत्र असतं, पण ते आपल्या योजनेत नाही. मी आवाज चढवला. सगळ्या डॉकसमोर त्याला म्हटलं की आकडे बरोबर असलेलं दूधही नासकं वागू शकतं, माणसासारखंच, आणि ते कळायला नाक लागतं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डॉकच्या पॅनेलवर लिंबाएवढं हिरवं बटण बसवलं. आकडे कितीही चांगले असोत, मी ते बटण दाबल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणार नव्हता. सगळ्या इंग्रजी पडद्यावर त्या बटणापुढे त्यानं मराठीत एकच शब्द लिहिला होता: वास.

मी त्याला धन्यवाद म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळी नेली, बस.

मागच्या हिवाळ्यात मला ताप आला. चार दिवसांत उतरला, त्याचं काही विशेष नव्हतं. पाचव्या दिवशी मी ओट्याजवळ उभी होते, गॅसवर दूध होतं, आणि खिडकीबाहेर स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षांकडे मी बघत होते. सगळं फार शांत वाटत होतं. ऊन होतं, धूळ उन्हात तरंगत होती, आणि मला वाटलं, आजारातून उठलं की जग असं धुतल्यासारखं दिसतं. तेवढ्यात आमचे हे खोकत खोकत बाहेरच्या खोलीतून आले.

"काय करायलीस गं? दूध जळायलंय."

मी वळून पाहिलं. पातेल्यातून धूर निघत होता, तळ काळा झाला होता, आणि मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी गॅस बंद केला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यावर वाकले, झाकणावर वाकते तशी, डोळे मिटून. आत काहीच नव्हतं. ना करपट, ना दूध, ना धूर.

आम्ही त्यावर बोललो नाही. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या नाकासाठी उदबत्ती थांबली, तिला काय विचारायचं हे त्यांना सुचलं नसावं. पण त्या दिवसापासून मी पहाटे निघायच्या आधी ते उठू लागले. गॅसपाशी येऊन उभे राहायचे, श्वास ओढायचे, मग पुन्हा जाऊन पडायचे. फ्रिजमधलं वरण मला द्यायच्या आधी हुंगायचे. मला ते दिसायचं आणि मला रडू यायचं. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाबपाणी असं रोज दोनदा हुंगायला सांगितलं; कुणाचं परत येतं, कुणाचं येत नाही, म्हणाले. मी लवंग नाकाशी धरून बसायचे आणि लवंगेची आठवण काढायचे.

डेअरीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक गेला असता. निवृत्तीला दोन वर्षं होती. पगार गेला नसता, दुसरीकडे कुठेतरी खुर्ची मिळाली असती, हे मला माहीत होतं. पण डॉकवर मी कुणीतरी होते. त्या पिवळ्या पट्ट्याच्या आत उभं राहिल्यावर मॅनेजरसाहेब मागे हटायचे. ते सोडायला माझं मन धजेना. मी स्वतःला सांगितलं, येईल परत, आठ दिवसांत येईल.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांची आठवण मला आजही स्वप्नातल्यासारखी येते. पहाटेचं धुकं, टँकर धुक्यातून येणारे, दिवे लावलेले. झाकण उघडायचं. मी वाकायचे, डोळे मिटायचे. गावं गेली होती. गोठा नाही, कडबा नाही, कॅन विसळणारा माणूस नाही. नुसती एक पांढरी, गार, रिकामी जागा, आणि तिच्यात मी वाकलेली. मी तितकाच वेळ वाकून राहायचे. मग सरळ व्हायचे, पॅनेलकडे बघायचे. फॅट बरोबर, आंबटपणा बरोबर, तापमान बरोबर. सगळे आकडे हिरवे. मी बटण दाबायचे, व्हॉल्व्ह फुस्स करायचा, आणि नळी थरथरायला लागायची. ज्या आकड्यांना मी चारचौघांत नावं ठेवली होती, त्यांच्याच आधारावर मी उभी होते. इंजिनियरला वाटलं, काकूंचं यंत्राशी जुळलं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. मी हसले.

टँकरवर चढून झाकण उघडायचं आणि नमुना काढायचं काम एक बाई करते. पॅकिंगमधून डॉकवर आलेली, तेलुगू घरची, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. आमचं बोलणं दख्खनीत चालतं. माझ्या हाताखाली ती पाच वर्षं होती आणि त्या पाच वर्षांत मी तिला एकदाही शेजारी वाकू दिलं नव्हतं. नाक एकच असावं, असं माझं म्हणणं होतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिनं झाकण उघडलं, मी वाकले, सरळ झाले. ती माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत होती. मी म्हटलं, क्या देखरी? ती म्हणाली, कुछ नहीं अक्का. आकडे हिरवे होते. मी बटण दाबलं.

ते दूध दह्याला गेलं. दह्याच्या खोलीत आता कुणी हात घालून ऊब बघत नाही. खोली स्वतःच ऊब धरते आणि दही पुरतं आंबट झालं की स्वतःच गार होऊ लागते. दुसऱ्या दिवशी त्यातला पहिला कप नेहमीप्रमाणे माझ्यापुढे आला, कारण निघणारा मालही मीच चाखायची. जिभेला आंबट लागलं. घट्ट होतं. मी ठीक लिहिलं. संध्याकाळी त्यातलेच दोन कप घरी नेले.

आमच्या ह्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि चमचा हळूच ताटाच्या कडेला ठेवला.

"याला कांद्याच्या पातीचा वास यायलाय," ते म्हणाले. ते शेतकऱ्याच्या घरचे, कांदा निघाला की त्याची पात गुरांपुढे पडते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पातीचा वास दुधात उतरतो, हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवायची. "तुला…" असं म्हणून ते थांबले. मग त्यांनी दोन्ही कप उचलून मोरीत ओतले आणि पाणी सोडलं.

सकाळी डेअरीत गेले तर दुकानदारांचे फोन सुरू झालेले होते. माल परत येत होता, मोगऱ्याची माळ यावी तशा कपांच्या ओळी ट्रकमधून उतरत होत्या, आणि मॅनेजरसाहेब डॉकवर कमरेवर हात देऊन उभे होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले की अक्काच्या नाकाखालून पात सुटणं शक्य नाही, हे नव्या यंत्राचंच काम आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनियरनंसुद्धा. नोंद काढली तर बटण दाबल्याची वेळ स्पष्ट दिसत होती. तो म्हणाला, तार कुठेतरी चिकटली असेल, न दाबताच दाबल्याची खूण गेली असेल. मग माझ्याकडे वळला.

"काकू, तुम्ही दाबलं नव्हतंत, हो ना?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात. तो लगेच कामाला लागला. तीन दिवस तो डॉकच्या पॅनेलची मागची बाजू उघडून जमिनीवर बसलेला होता, एकेक तार सुटी करून, तपासून, पुन्हा जोडत. पुण्याहून त्याला फोन येत होते. मॅनेजरसाहेबांनी कंपनीला कळवलं होतं की चूक सापडत नसेल तर दुसरा माणूस पाठवा. मी ये-जा करत होते, पट्ट्याच्या आतून, मान ताठ ठेवून. तो वर बघून म्हणायचा, सापडेल काकू. आणि पुन्हा तारांत डोकं घालायचा. मला त्याचा राग यायला लागला. इतका कसा माणूस भाबडा, असं मनात यायचं, आणि राग खरा कुणाचा आहे हे कळून मी तिथून निघायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पडद्याच्या गार खोलीत एकटीच जाऊन बसले. पांढरी रेघ सरकत होती. कुठेतरी वाफेचा दाब पडला असावा, कारण एकदम खट् झालं आणि रेघ पिवळी होऊन मागे वळली. एकाहत्तर पूर्णांक काहीतरी. दूध परत निघालं. मी बघत राहिले. ते गेलं, फिरलं, तापलं, पुन्हा नळीच्या शेवटाला आलं, आणि व्हॉल्व्ह मुकाट्यानं उघडला. मिनिटभराचासुद्धा खेळ नव्हता. मी उठले आणि डॉकवर गेले.

तो जमिनीवरच होता. मी पट्ट्याच्या बाहेर थांबले, का कोण जाणे, आणि तिथूनच सांगितलं.

"तारा तपासू नका. मीच दाबलं होतं. मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून."

हातातली तार त्यानं आधी जोडली, मग स्क्रू पिळला, मग हात पुसले.

"पडद्यावर तुमचं दाबलेलं दिसत होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, पडदा चुकतोय."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले. वर टँकरवर नमुने काढणारी बाई हातातलं भांडं धरून उभी होती. ती खाली उतरली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

"अक्का, मेरे कू आई थी प्याज की बास," ती हळू आवाजात म्हणाली. "मैं समझी मेरे हाथां की है. सुबू प्याज काटी थी ना. तुम ठीक बोले तो मैं अपने हाथ धो ली."

माझ्या मानेवर सगळ्यांचा इतका भरवसा होता की एकानं स्वतःच्या यंत्राला खोटं ठरवलं आणि दुसरीनं स्वतःच्या नाकाला. आणि हे मीच सव्वीस वर्षं खपून उभं केलं होतं. त्या पायरीवर बसून मला ते स्पष्ट दिसलं.

मॅनेजरसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. कंपनीला दुसरं पत्र गेलं, इंजिनियर राहिला. मला पडद्याच्या गार खोलीत खुर्ची मिळाली. डॉकवर आता दोन बटणं आहेत, आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी ती दाबल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. हे मीच सुचवलं. पहिलं बटण नमुने काढणाऱ्या बाईचं, दुसरं त्या पाळीला जो असेल त्याचं. तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वास न येणारी बाई वास शिकवणार, यावर पॅकिंगमध्ये हसले असतील. पण जमलं. मी तिच्याजवळ बसायचे, ती कोमट दूध हुंगायची आणि काय दिसतं ते सांगायची. ओली जमीन, म्हणायची. कुठे ओली, मी विचारायचे, अंगणात की गोठ्यात? गोठ्यात, अक्का. मग लिही, गोठा. हळूहळू तिच्या तोंडून मला गावं परत दिसू लागली. माझी नव्हती ती, तिची होती, पण दिसायची.

मार्च गेला, एप्रिल लागला. एका पहाटे बसची वाट बघताना काचीगुड्याच्या चौकात फुलवालीनं नेहमीसारखं माझ्याकडे न बघता टोपली शेजारच्या बाईपुढे सरकवली, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला कुणाची मनाई नाही. मी एक मूर मल्ले घेतली. तिनंच माळून दिली. बसमध्ये सगळ्या बायकांनी माना वळवल्या, मग एकीनं सरकून जागा दिली, मागच्या सीटवर, त्यांच्यात. मी मान हलवून बघितली. माळेचं वजन मानेला लागत होतं, गार आणि ओलसर. वास कुठेच नव्हता.

डेअरीत पोचल्यावर सवयीनं पाय डॉककडेच वळले. पहिला टँकर लागलेला होता. ती वर चढून झाकणाच्या कड्या सोडत होती. मी नळीवर तळहात टेकायला पुढे झाले, आणि तिचा हात तसाच थांबला. तिनं मान वळवली, नाकपुड्या किंचित फुलवल्या आणि मला पाहिलं. ती थोडी लाजली, पण हटली नाही.

"अक्का, पीछे हटो ना जरा," ती म्हणाली. "फूलां की बास आरी."

मी हटले. पट्ट्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तिथून तिला विचारलंच की कशी आहे फुलांची बास, सांग तरी.

"बाद में बताती," ती म्हणाली. "अभी टँकर है."

तिनं झाकण उघडलं आणि वाकली. मी पट्ट्यापलीकडे वाट बघत उभी राहिले.